महाग पावाची एकतीस वर्षं

1815 च्या मार्च महिन्यात लंडनला पार्लमेंटच्या इमारतीभोवती सैनिक उभे करावे लागले. आत खासदार एका विधेयकावर मतं देत होते आणि बाहेर लोक त्यांच्या बग्ग्या अडवत होते. विधेयक मांडणारे फ्रेडरिक रॉबिन्सन यांच्या घरावर जमाव चालून गेला, दारं-खिडक्या फोडल्या, सामान रस्त्यावर आलं. आतून गोळ्या सुटल्या आणि माणसं मेली. विधेयक मात्र मंजूर झालं. त्यातली तरतूद दोन ओळींत सांगता येईल अशी होती. इंग्लंडमध्ये गव्हाचा भाव क्वार्टरला 80 शिलिंगांवर जात नाही तोपर्यंत परदेशी गहू देशात विकायला मनाई. क्वार्टर म्हणजे आपल्या मापानं दोन क्विंटलांहून थोडं जास्त.

या धान्य कायद्याचं मूळ युद्धात होतं. फ्रान्सशी वीसेक वर्षं झुंज चालली, त्या काळात यूरोपातून धान्य येणं अवघड झालं आणि 1812 साली गव्हाचा सरासरी भाव 126 शिलिंगांपर्यंत चढला. एवढा भाव मिळतोय म्हटल्यावर माळरानं आणि डोंगरउतारही नांगराखाली आले. कुळांकडून घ्यायचे खंड वाढले आणि वाढलेल्या खंडाच्या भरवशावर जमीनदारांचे खर्चही वाढले. मग युद्ध संपायला आलं. आता बाल्टिक किनाऱ्यावरच्या डान्झिग बंदरातून पोलंडचा गहू पुन्हा येणार, भाव पडणार आणि खंडही पडणार. त्याआधीच दार लावून घ्यायचं ठरलं. ठरवणारे कोण, तर उमरावांच्या सभागृहात सगळे जमीनदार आणि कॉमन्समध्येही बहुसंख्य जमीनदार किंवा त्यांनी निवडून आणलेली माणसं. कापसाच्या गिरण्यांमुळे झपाट्यानं वाढणाऱ्या मँचेस्टरला तेव्हा स्वतःचा एकही खासदार नव्हता. ओल्ड सेरम नावाच्या ओसाड टेकडीला दोन होते.

हा कायदा ज्यांच्या पोटावर येणार होता त्यांचा हिशेब असा. दक्षिण इंग्लंडमधल्या शेतमजुराची आठवड्याची मजुरी आठ-दहा शिलिंग, आणि घरात चार-पाच पोरं असतील तर त्यातला निम्मा पैसा नुसत्या पावात जायचा. श्रीमंताच्या घरी पाव महागला तर कोणाच्या ध्यानातही येत नव्हतं. मजुराच्या घरी तो महागला की आधी मांस जायचं, मग चीज, मग चहातली साखर, आणि सगळं गेलं की पावच कमी व्हायचा. तसं पाहिलं तर हा एक करच होता. फरक एवढाच की तो सरकारी तिजोरीत न जाता खंडाच्या वाटेनं जमीनदाराच्या खिशात जात होता, आणि ज्याची ऐपत सर्वांत कमी त्याच्याकडून, त्याच्या मिळकतीच्या मानानं, सर्वांत जास्त वसूल होत होता.

ही गोष्ट सर्वांत स्वच्छ शब्दांत मांडणारा माणूस स्वतः जमीनदार झालेला होता. डेव्हिड रिकार्डो हा ॲम्स्टरडॅमहून लंडनला आलेल्या एका ज्यू दलालाचा मुलगा. शेअर बाजारात त्यानं अफाट पैसा मिळवला आणि 1814 साली ग्लॉस्टरशरमध्ये गॅटकम पार्क ही इस्टेट विकत घेतली. दुसऱ्याच वर्षी त्यानं धान्याच्या स्वस्ताईवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं दाखवून दिलं की धान्य महाग असण्यात फायदा आहे तो फक्त जमीनदाराचा. कष्ट करणाऱ्याला आणि कारखाना काढणाऱ्याला त्यात तोटाच आहे. त्याचा जिवलग मित्र माल्थस नेमकी उलट बाजू मांडत होता. अन्नासाठी परक्यावर अवलंबून राहिलेला देश युद्धात अडचणीत येतो, हा माल्थसचा मुद्दा होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दोघं पत्रांतून वर्षानुवर्षं भांडत राहिले आणि मित्रही राहिले.

1817 साली रिकार्डोनं जे उदाहरण दिलं ते आजही अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. ठरावीक कापड विणायला इंग्लंडमध्ये 100 माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात आणि ठरावीक मद्य करायला 120 माणसांचे. पोर्तुगालमध्ये तेवढंच कापड 90 माणसांत होतं आणि तेवढंच मद्य 80 माणसांत. म्हणजे दोन्ही कामांत पोर्तुगालच वरचढ. मग त्यानं इंग्लंडकडून काही विकत घ्यावंच कशाला? रिकार्डोचं उत्तर असं की पोर्तुगालनं 80 माणसांचं मद्य पाठवून कापड आणलं, तर घरी त्याच कापडाला लागली असती ती 90 माणसं, त्यातली 10 वाचली. इंग्लंडनं 100 माणसांचं कापड देऊन मद्य घेतलं, तर त्याची 20 माणसं वाचली. सर्व बाबतींत मागे असलेल्या देशालाही विकण्याजोगं काहीतरी असतं आणि सर्व बाबतींत पुढे असलेल्यालाही ते घेण्यात फायदा असतो, ही गोष्ट त्याआधी इतक्या नेमकेपणानं कोणी मांडली नव्हती. व्यापारात एकाचा नफा म्हणजे दुसऱ्याचं नुकसान, ही समजूत फार जुनी आणि फार चिवट आहे. आजही ती निवडणुकीच्या सभांतून ऐकू येते, आणि तिच्यापायी गरीब देशांचं किती नुकसान झालं याचा विचार केला की जीव हळहळतो. रिकार्डोच्या हिशेबात एक गोष्ट मात्र धरलेली नव्हती. वाचलेली ती माणसं दुसऱ्या दिवशी कुठल्या कामाला लागणार, आणि तोपर्यंत खाणार काय? हा प्रश्न पुढच्या सगळ्या हकिगतीत पुन:पुन्हा डोकं वर काढतो.

मधली वर्षं भराभर सांगायला हरकत नाही. 1819 च्या 16 ऑगस्टला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर मताधिकारासाठी हजारो माणसं जमली. त्यांच्या फलकांवर धान्य कायदा रद्द करण्याची मागणीही होती. घोडेस्वार तलवारी उपसून गर्दीत घुसले, पंधराच्या वर माणसं मेली, शेकडो जखमी झाली. वॉटर्लूची आठवण ताजी होती म्हणून लोकांनी या प्रसंगाला पीटर्लू म्हटलं. 1828 मध्ये सरसकट बंदी उठवून भावाप्रमाणे वरखाली होणारी जकात आली. तिनं व्यापाऱ्यांना सट्ट्याचा नवा नाद लावला. भाव चढून जकात उतरेपर्यंत गहू बंदरातल्या गोदामांत कुलपाखाली पडून राहायचा. 1832 मध्ये मताधिकार थोडा वाढला आणि मँचेस्टरला अखेर दोन खासदार मिळाले. कायदा मात्र जागचा हलला नाही.

तो हलवला मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी. 1838 साली तिथे धान्य कायद्याविरुद्ध संघटना निघाली आणि पुढच्या वर्षी तिची देशव्यापी लीग झाली. रिचर्ड कॉब्डेन हा तिचा मेंदू. ससेक्समधल्या एका छोट्या शेतकऱ्याचा हा मुलगा. बापाची शेती बुडाली तेव्हा पोराला यॉर्कशरमधल्या एका भयंकर निवासी शाळेत टाकण्यात आलं. तिथून सुटून तो लंडनमध्ये कारकून झाला, मग फिरता विक्रेता, मग छापील सुती कापडाचा कारखानदार. त्याचं बोलणं अजिबात फुलोऱ्याचं नव्हतं. समोर बसलेल्या माणसाशी हिशेब करावा तसा तो सभेत बोलायचा. त्याचा जोडीदार जॉन ब्राइट हा रॉचडेलचा गिरणीवाला, क्वेकर पंथाचा, आणि बोलायला लागला की सभा हलवून सोडणारा. 1841 च्या सप्टेंबरमध्ये ब्राइटची तरुण बायको क्षयानं गेली. कॉब्डेन भेटायला आला, सांत्वनाचे शब्द बोलून झाले, आणि मग त्यानं ब्राइटला सांगितलं की या घडीला इंग्लंडच्या हजारो घरांत बायका आणि पोरं भुकेनं मरताहेत, दुःखाचा पहिला भर ओसरला की माझ्याबरोबर चल, हा कायदा जाईपर्यंत आपण थांबायचं नाही. ब्राइट हा प्रसंग म्हातारपणी सांगत असे.

लीगनं जे केलं ते त्याआधी कोणत्याही चळवळीनं केलं नव्हतं. 1840 मध्ये इंग्लंडात एका पेनीत देशभर पत्र पाठवण्याची सोय झाली आणि लीगनं तिचा पुरेपूर वापर केला. एकट्या 1843 या वर्षात तिनं नव्वद लाखांच्या आसपास पत्रकं वाटली. व्याख्याते पगारावर ठेवले. मतदारयाद्या तपासून आपली माणसं नोंदवायची आणि विरोधकांच्या खोट्या नोंदींवर हरकत घ्यायची, हे काम वकिलांकडून पद्धतशीर करवून घेतलं. बायकांनी चहापानाचे मेळावे भरवले आणि 1845 मध्ये लंडनच्या कॉव्हेन्ट गार्डन थिएटरात मोठा बाजार भरवून हजारो पौंड उभे केले. ज्यांना मत नव्हतं त्या बायकांनी राजकारणात अशी उडी घेतलेली पाहून विरोधी वर्तमानपत्रांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सभांसाठी जागा अपुरी पडू लागली तेव्हा मँचेस्टरमध्ये फ्री ट्रेड हॉल बांधला गेला. जमीन कॉब्डेनची होती आणि ती सेंट पीटर्स फील्डचाच भाग होती. 1843 मध्येच जेम्स विल्सन नावाच्या स्कॉटिश टोपी-व्यावसायिकानं खुल्या व्यापाराच्या प्रचारासाठी एक साप्ताहिक काढलं, त्याचं नाव द इकॉनॉमिस्ट. या विल्सनची गाठ आपल्याला पुढे कलकत्त्यात पडणार आहे.

कामगारांचा मात्र लीगवर विश्वास नव्हता, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. मताधिकारासाठी लढणारे चार्टिस्ट लीगच्या सभांत घुसून विचारायचे की तुम्ही गिरणीवाले पाव स्वस्त करायला निघालात ते आमच्या मजुरीत कपात करायलाच ना? जे मालक पोरांच्या कामाचे तास कमी करायला विरोध करतात त्यांना अचानक गरिबांच्या पोटाची काळजी कशी वाटू लागली? ब्राइट तर दहा तासांच्या कायद्याच्या विरोधात उभा होता, त्यामुळे या प्रश्नाला धार होती. कॉब्डेनचं उत्तर असं की मजुरी पावाच्या भावानं ठरत नाही, ती कामाच्या मागणीनं ठरते. पाव महाग होता त्याच वर्षांत गिरण्या बंद पडल्या आणि मजुरी कोसळली, हे तो आकडे देऊन दाखवायचा. 1840 ते 1842 ही वर्षं त्याच्या बाजूनं साक्ष देत होती. लँकेशरमधल्या गावांतून घरं रिकामी पडली होती आणि लोक अंथरूण-पांघरूण गहाण टाकून दिवस काढत होते.

खरी साक्ष खेड्यांतून आली. शेतकऱ्याचं आणि शेतमजुराचं भलं व्हावं म्हणूनच हा कायदा आहे असं जमीनदार सांगत असत. 1846 च्या जानेवारीत विल्टशरमधल्या गोटेकर या खेड्यात शेतमजुरांची सभा झाली. सभेला जागा द्यायला कोणी तयार नव्हतं, म्हणून ती रात्री, चौरस्त्यावर, थंडीत भरली. वर चंद्राचा उजेड आणि खाली चार-दोन मेणबत्त्या, त्याही वाऱ्यानं विझू नयेत म्हणून हातांच्या आडोशाला धरलेल्या. एकेक मजूर पुढे यायचा आणि कागदावर कसंबसं लिहून आणलेला आपला घरखर्च वाचायचा: एवढे शिलिंग मजुरी, एवढी माणसं, एवढा पाव, आणि हातात राहिलं काही नाही. लंडनच्या वर्तमानपत्रांनी ती भाषणं छापली. अशाच एका सभेतला एक मजूर म्हणाला होता की मला संरक्षण आहे आणि मी उपाशी आहे. लीगच्या माणसांनी ती आठवण पुढे कित्येकदा सांगितली. जमीनदारांच्या सगळ्या युक्तिवादांना यापेक्षा नेमकं उत्तर कॉब्डेनलाही देता आलं नाही.

आता गाठ होती पंतप्रधानांशी. सर रॉबर्ट पील हे जमीनदारांच्या टोरी पक्षाचे नेते. वडील मात्र लँकेशरचे कापड गिरणीवाले. 1841 मध्ये धान्य कायदा राखण्याच्या अपेक्षेवर ते निवडून आले होते. पण या माणसाला आकड्यांशी खोटं बोलता येत नव्हतं. 1842 च्या अर्थसंकल्पात त्यांनी सुमारे साडेसातशे वस्तूंवरची जकात कमी केली आणि येणारी तूट भरून काढायला वर्षाला 150 पौंडांहून जास्त मिळकत असणाऱ्यांवर पौंडाला 7 पेन्स प्राप्तिकर बसवला. मला स्वतःला ही त्या सबंध काळातली सर्वांत न्याय्य गोष्ट वाटते. गरिबाच्या ताटावरून उतरवलेलं ओझं कोणाच्या तरी खांद्यावर जाणार होतंच. पीलनी ते ज्याला पेलेल त्याच्या खांद्यावर टाकलं. खुल्या व्यापाराचा इतिहास सांगताना हा प्राप्तिकर बहुतेक लोक विसरतात, आणि तो विसरला की निम्मी गोष्टच हाती राहते.

1845 च्या मार्चमध्ये कॉब्डेननं कॉमन्समध्ये भाषण केलं. धान्य कायद्यानं कुळाचं काय भलं झालं ते मला दाखवा, एवढंच त्याचं म्हणणं. पील टिपणं काढत बसले होते. भाषण संपता संपता त्यांनी हातातला कागद चुरगळला आणि शेजारी बसलेल्या सिडनी हर्बर्टना म्हणाले की उत्तर तुम्ही द्या, मला देता येणार नाही. त्याच वर्षी शरद ऋतूत आयर्लंडमधून बातम्या येऊ लागल्या की शेतातला बटाटा काळा पडून सडतोय. तिथली जवळपास तीस लाख माणसं बटाट्यावरच जगत होती. अशा वेळी परदेशी धान्यावर जकात घेत बसायची हे पीलना पटेना. मंत्रिमंडळात फूट पडली, डिसेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला, विरोधी नेते लॉर्ड जॉन रसेल यांना मंत्रिमंडळ जमवता आलं नाही आणि राणीनं पुन्हा पीलनाच बोलावलं. मग त्यांनी आपल्याच पक्षाच्या छातीवर बसणारं विधेयक आणलं. जकात तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं उतरवायची आणि फेब्रुवारी 1849 पासून क्वार्टरला फक्त 1 शिलिंग नाममात्र ठेवायची. जमीनदारांना वाऱ्यावर सोडायचं नव्हतं. शेतांतला पाण्याचा निचरा सुधारायला सरकारी कर्जाची सोय झाली.

डिझरायली नावाच्या तरुण खासदारानं या वादात पीलना असं फाडून काढलं की त्यातूनच त्याचं नाव झालं. दगा दिला, हा त्याचा आरोप. त्यात अजिबात तथ्य नव्हतं असं म्हणवत नाही, कारण मतं एका बोलीवर मागितली होती आणि काम दुसरंच केलं. पक्षाचे दोन तृतीयांश खासदार नेत्याविरुद्ध गेले. 15 मे 1846 ला कॉमन्समध्ये 327 विरुद्ध 229 मतांनी विधेयक पार पडलं, तेही विरोधकांच्या पाठिंब्यावर. उमरावांच्या सभागृहातून ते वॉटर्लूचे विजेते ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांनी मंजूर करून घेतलं. स्वतः ड्यूकना हे पटलेलं नव्हतं, पण देशाचं सरकार चाललं पाहिजे हे त्यांना पटत होतं. 25 जूनला तिथे विधेयक मंजूर झालं आणि त्याच रात्री कॉमन्समध्ये आयर्लंडच्या बंदोबस्ताच्या दुसऱ्या विधेयकावर पीलचं सरकार पडलं. चार दिवसांनी निरोपाच्या भाषणात त्यांनी या यशाचं श्रेय कॉब्डेनला दिलं. जमीनदार मला शाप देतील, पण कष्टकऱ्याच्या घरी करमुक्त आणि म्हणून अन्यायाचा कडवटपणा नसलेला पाव खाताना कोणी माझी आठवण काढली तर पुरे, अशा अर्थाचं ते बोलले. बाहेर जमलेल्या गर्दीनं टोप्या काढल्या आणि घरापर्यंत त्यांना सोबत केली. चार वर्षांनी घोड्यावरून पडून ते गेले, तेव्हा त्यांच्या स्मारकासाठी मजुरांनी पेनी-पेनी वर्गणी काढली.

गोष्ट इथेच थांबवली तर ती फार छान दिसते. पण आयर्लंड बाजूला ठेवून ती सांगता येत नाही. पीलनी आधीच गुपचूप एक लाख पौंडांचा मका अमेरिकेहून मागवला होता आणि 1846 च्या वसंतात तो सरकारी कोठारांतून स्वस्तात विकला. तो कठीण, नीट न दळलेला, लोकांना रांधता न येणारा मका पोटाला बाधायचा, लोक त्याला पीलचं गंधक म्हणायचे, पण त्या पहिल्या वर्षी त्यानं माणसं जगली. पुढच्या वर्षी बटाटा सगळाच गेला. तोवर रसेल यांचं सरकार आलं होतं आणि कोषागारातले अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन यांची पक्की समजूत होती की सरकारनं धान्याच्या व्यवहारात हात घातला तर व्यापारी माघार घेतील. बंदरं खुली होती. धान्य येऊ शकत होतं आणि आलंही. पण ज्याच्या हातात दमडी नाही त्याच्याकडे कोणता व्यापारी जहाज पाठवील? उलट आयर्लंडच्या बंदरांतून लोणी, गुरं आणि ओट इंग्लंडला जातच राहिले, कारण पैसा तिकडे होता. 1847 च्या उन्हाळ्यात सरकारी अन्नछत्रांतून रोज तीस लाखांवर माणसं जेवत होती, म्हणजे मनात आणलं तर जमत होतं. शरद ऋतूत ती छत्रं बंद केली आणि गरिबांचा भार आयर्लंडच्याच स्थानिक करांवर ढकलला. दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. मुक्त व्यापार म्हणजे सरकारनं भुकेल्यापासून हात झटकणं असा अर्थ लावला की काय होतं, ते तिथे दिसलं. पुढे हेच ट्रेव्हेलियन मद्रासचे गव्हर्नर आणि नंतर हिंदुस्थान सरकारचे अर्थमंत्री झाले. ते परत गेल्यावर वर्षभरातच, 1866 च्या ओरिसाच्या दुष्काळात, तिथल्या अधिकाऱ्यांनीही तांदूळ व्यापारी आणतील म्हणून वाट पाहिली. पावसाळा आला, किनारा आणि रस्ते बंद झाले, आणि सुमारे दहा लाख माणसं गेली.

इंग्लंडमध्ये मात्र जमीनदारांनी वर्तवलेला प्रलय आला नाही. पुढची पंचवीस वर्षं तिथल्या शेतीची भरभराटीची ठरली, कारण कारखान्यांतले लोक आता मांस, दूध आणि लोणीही विकत घेऊ लागले होते. अमेरिकेच्या गवताळ मैदानांतून रेल्वे आणि आगबोटी गहू आणू लागल्या तेव्हा, 1870 नंतर, खरी मंदी आली. तिनं जमीनदारांचे खंड खाली आणले, आणि मजुराच्या पोराच्या हातात पोटभर पाव आला. 1860 मध्ये कॉब्डेननं पॅरिसला जाऊन मिशेल शेव्हालिए या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाबरोबर दोन देशांमधला व्यापारी करार घडवला. एका देशाला दिलेली सवलत कराराच्या जोडीदारालाही मिळेल हे त्यातलं कलम भराभर यूरोपभर पसरलं आणि आजच्या जागतिक व्यापाराच्या नियमांचा तोच पाया आहे. काळी बाजूही होती. 1846 मध्येच साखरेवरची जकात समान करायचं ठरलं आणि क्यूबा-ब्राझीलच्या गुलामांनी पिकवलेल्या साखरेला इंग्लंडचं दार उघडलं. माल स्वस्त का आहे हे न विचारता तो घेत गेलं की काय होतं, हे क्यूबाच्या मळ्यांनी भोगलं.

आणि हिंदुस्थान? इथे हा सिद्धांत आला तो कंपनी सरकारच्या बंदुकीमागून. 1840 मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे जो पुरावा आला त्यावरून दिसतं की इंग्लंडचं सुती कापड हिंदुस्थानात साडेतीन टक्के जकातीवर येत होतं आणि हिंदुस्थानचं सुती कापड इंग्लंडात शिरताना दहा टक्के भरत होतं, रेशमी असेल तर वीस. 1859 मध्ये तो टोपीवाला जेम्स विल्सन हिंदुस्थानचा पहिला अर्थमंत्री म्हणून कलकत्त्याला उतरला. त्यानं इथे प्राप्तिकर आणला, जकाती कमी केल्या आणि ऑगस्ट 1860 मध्ये आमांशानं तिथेच मेला. इकडे मुंबईत ताडदेवला दावरांची पहिली कापड गिरणी चालू होऊन चार वर्षं झाली होती. गिरण्या वाढत गेल्या तशी मँचेस्टरची झोप उडाली, आणि मँचेस्टरवाल्यांच्या दडपणामुळे 1882 पर्यंत कापडावरची आयात-जकात पूर्ण उठली. 1892 साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सांगितलं की इंग्लंडच्या परिस्थितीत घडलेले अर्थशास्त्राचे नियम जसेच्या तसे हिंदुस्थानला लावता येणार नाहीत. ते व्यापाराचे शत्रू नव्हते. नियम कोणाच्या सोयीनं घडला ते बघा, असं त्यांचं सांगणं होतं.

दोनच वर्षांत त्याचा पुरावा आला. रुपया घसरला, तिजोरीत खडखडाट झाला, म्हणून 1894 मध्ये आयातीवर पाच टक्के जकात बसवावी लागली. लँकेशरनं ओरड केली की यानं मुंबईच्या गिरण्यांना संरक्षण मिळतं. तेव्हा डिसेंबरमध्ये देशी गिरण्यांच्या वीस नंबरावरच्या, म्हणजे बारीक, सुतावरही तेवढाच कर बसवला. 1896 मध्ये विलायती कापडावरची जकात साडेतीन टक्क्यांवर आणली आणि देशी गिरण्यांत विणलेल्या सगळ्याच कापडावर साडेतीन टक्के उत्पादनकर लावला. परळ-लालबागच्या गिरण्यांत निघणारं जाडंभरडं धोतर आणि लुगडं गोरगरीब नेसत होते. लँकेशर तसला माल पाठवतच नव्हतं, स्पर्धेचा प्रश्नच नव्हता. टिळकांनी विलायती कापडावर बहिष्काराची हाक दिली, पुण्यात विद्यार्थ्यांनी त्याची जाहीर होळी केली. मँचेस्टर याला खुला व्यापार म्हणत होतं. 1815 च्या कायद्याशी याचं नातं मला उघड दिसतं. तेव्हा मँचेस्टरच्या माणसाला सभागृहात जागा नव्हती म्हणून त्याचा पाव महागला. आता मुंबईच्या माणसाला जागा नव्हती म्हणून त्याचं धोतर महागलं, आणि या वेळी हा अन्याय मँचेस्टरनंच लादला होता. कॉब्डेन 1865 मध्येच गेला होता. त्याच्या शिष्यांनी त्याचा शब्द तेवढा ठेवला.

हा कर तीस वर्षं चालला. 1925 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी मंदीचं कारण सांगून मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि सप्टेंबरपासून दीड लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. सरकारनं उत्पादनकर उठवला तर कपात मागे घेऊ, असं मालक म्हणू लागले. गिरणगावातल्या चाळींत उधारी बंद झाली, हजारो माणसं कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी निघून गेली, पण कामावर कोणी परतलं नाही. तीन महिने असे गेल्यावर डिसेंबरमध्ये व्हाइसरॉयनी कर तहकूब केला, आणि पुढच्या वर्षी तो कायमचा रद्द झाला. मालकांनी कपात मागे घेतली, भोंगे वाजले, आणि कामगार पूर्वीच्याच मजुरीवर साच्यांवर रुजू झाले.